चौतीस इंच

नागपूरच्या बेसा भागातला नवा फ्लॅट. स्वयंपाकघर पाहुण्यांना मुद्दाम आत नेऊन दाखवावं असं: राखाडी अॅक्रिलिकची शटर्स, काळा ग्रॅनाइट, हात लावला की अलगद मिटणारे ड्रॉवर. आणि त्या चकचकीत ओट्याच्या पायथ्याशी, फरशीवर वर्तमानपत्र पसरून, घरातल्या आजी पोळ्या लाटत बसलेल्या. सून उभी राहून भाजत होती. लाटलेली पोळी खालून वर जायची, सुनेला दर वेळी वाकून ती घ्यावी लागायची, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "मले नाही जमत बापा त्या ओट्यावर, खांदे भरून येतात," आजी म्हणाल्या. शटरचा हिंज कसायला आलेल्या मिस्त्रीनं मान वर न करताच उत्तर दिलं, "काकू, स्टँडर्ड साइज हेच असते. सगळ्यांकडे चौतीसच."

खरं तर तो चुकीचं काही बोलला नाही. पण ओट्याच्या उंचीचं हे चौतीस आलं कुठून, हा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. ते कोणाच्या उंचीवरून आलेलं नाही, बॉक्सवरून आलेलं आहे. मॉड्युलर किचनचा खालचा बॉक्स, म्हणजे ओट्याखालचं कपाट, बहुतेक ठिकाणी ७२० मिलिमीटर उंच. त्याखाली पीव्हीसीचे पाय १०० मिलिमीटर. वर १८ ची प्लाय आणि १८ चा ग्रॅनाइट. बेरीज ८५६, म्हणजे झाले जवळपास चौतीस इंच. कारखान्याला ही मापं सोयीची, कारण शीट कापताना वाया कमी जातं, शटरं एकाच मापाची निघतात आणि डिशवॉशर त्याखाली बसतो. या बेरजेत ओट्यापुढं उभं राहणारं माणूस कुठंच नाही.

आता ते माणूस मोजू. आजींची उंची चार फूट अकरा इंच धरा. ताठ उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवला, तर जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर उंचीच्या साधारण ६३ टक्के भरतं, म्हणजे आजींचं ३७ इंच. भाजी चिरायची तर पृष्ठभाग कोपराच्या चारेक इंच खाली हवा. लाटायचं किंवा कणीक तिंबायची तर आणखी खाली, सहा-सात इंच, कारण तिथं दंडाची ताकद नाही, अंगाचा भार लागतो. आणि पोळपाटाची स्वतःची उंची असते हे सगळेच विसरतात. दोन इंचांचा पोळपाट ओट्यावर ठेवला की लाटायची जागा ३६ इंचांवर गेली, आजींच्या कोपराखाली जेमतेम इंचभर. मग लाटण्यावर भार द्यायला खांदे वर उचलावे लागतात, आणि वीस पोळ्यांत मानेपासून दंडापर्यंत सगळं आखडतं. गॅसकडे त्याहून वाईट. ओट्यावर पाचेक इंचांची शेगडी, तिच्यावर आठ इंचांचा कुकर, की कुकरची कड ४७ इंचांवर, म्हणजे जवळजवळ आजींच्या खांद्याशी. आत काय शिजतंय हे बघायला टाचा उंचवायच्या आणि वाफ तोंडावर घ्यायची. फरशीवर बसल्या की पोळपाट मांडीच्या पातळीखाली येतो आणि अख्खं धड लाटण्याच्या मदतीला येतं. आजी जुन्या वळणाच्या म्हणून खाली बसल्या, असं सुनेच्या मैत्रिणी म्हणत असतील. मला त्यात फक्त हिशेब दिसतो.

सून पाच फूट सहा. तिचं कोपर साडेएकेचाळीस इंचांवर. लाटायला चौतीसचा ओटा तिला जवळपास बरोबर बसतो, पण चिरायला साडेतीन इंच कमी पडतो, आणि सिंकशी तर ती चक्क वाकूनच उभी असते. सिंकचं काम कडेवर होत नाही, तळाशी होतं. आठ-नऊ इंच खोल सिंकचा तळ २५ इंचांवर गेला की कंबर बोलणारच. सिंकची कड कोपराच्या दोन-तीन इंचच खाली असावी असा अंदाज धरतात, म्हणजे तिच्यासाठी ३८-३९.

चौतीस दोघींनाही बसत नाही.

म्हणून किचनचं काम काढायचं ठरलं की पहिली भेट शोरूमची नको. घरात रोज ओट्याशी उभं राहणाऱ्या प्रत्येकाला, घरातल्या चपला घालून, भिंतीशी उभं करा आणि कोपराची खूण पेन्सिलीनं करा. मुलगा सकाळचा चहा-पोहे करत असेल तर त्याचीही. मग जुन्याच ओट्यावर वह्यांचे गठ्ठे रचून, त्यावर पाट ठेवून, कमी-जास्त उंचीवर चिरून बघा, लाटून बघा. कॅटलॉग पाहून ठरणार नाही ते पंधरा मिनिटांत हाताला कळतं. मापं मात्र फरशी बसल्यावरच घ्यायची. बिल्डरच्या कोऱ्या कोब्यावरून घेतलेलं माप टाइल आणि खालचा मसाला मिळून दीड-दोन इंचांनी खोटं ठरतं. आणि भिंत तीन ठिकाणी मोजायची, खाली, मध्ये, वर. आपल्याकडच्या भिंती काटकोनात असतात यावर विश्वास ठेवणारा मिस्त्री शेवटच्या बॉक्सला रंधा मारत बसतो.

उभ्याचा ओटा आला तेव्हा त्यानं बायकांचे गुडघे सोडवले, हे खोटं नाही. चुलीपुढं उकिडवं बसून फुंकणीनं धूर गिळण्याच्या दिवसांबद्दल हळवं व्हायचं काही कारण नाही. पण सोय देणारी प्रत्येक मांडणी कोणाचं तरी शरीर गृहीत धरून येते. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, त्यातून आजच्या बांधीव किचनची वाट निघाली. साधारण १.९ बाय ३.४ मीटरची खोली, पावलं मोजून लावलेली कपाटं, डाळ-तांदूळ ओतता येतील असे ॲल्युमिनियमचे कप्पे. अतिशय हुशार काम. पण ते एकट्या बाईसाठी होतं. दुसरी कोणी मदतीला आली की दोघी एकमेकींना आपटणार. आपल्याकडे सणाला तीन जणी आत असतात आणि चौथी दारात उभी राहून सूचना देत असते. दोन समोरासमोरच्या ओट्यांत चार फूट जागा सोडली तर खालचा ड्रॉवर उघडा असतानाही मागून माणूस जातं. तीन फुटांत जात नाही. गॅस, सिंक आणि फ्रिज यांच्यातली ये-जा कमी ठेवणारा तो प्रसिद्ध त्रिकोणही आपल्याकडे दुसऱ्या क्रमांकावर येतो, कारण गॅस आग्नेयेला आणि तोंड पूर्वेला हे आधीच ठरलेलं असतं. वाद घालण्यात अर्थ नाही. गॅसची जागा पक्की धरून बाकीचं त्याभोवती लावावं.

मग दोन उंचीच्या घरात करायचं काय? पहिलं सुचतं ते दोन पातळ्यांचा ओटा. गॅसच्या भागाचा बॉक्स ७२० ऐवजी ६५६ केला की ओटा ७९२ मिलिमीटरवर येतो, म्हणजे एकतीस इंच. त्यावर उभ्या शेगडीऐवजी ग्रॅनाइटमध्ये बसवलेला हॉब घेतला तर कढईची कड आजींच्या कोपराशी येते आणि सुनेलाही वरून ढवळायला बरं पडतं. चिमणीही त्या हिशेबानं खाली घ्यावी लागते. हॉबपासून २६ ते ३० इंच, नाहीतर सावजी रश्श्याची फोडणी बसली की अख्ख्या घराला ठसका. पण या पायरीची किंमत आहे. सपाट ओट्यावर गरम गंज, म्हणजे उभं पातेलं, सरकवत सिंकपर्यंत नेता येतो, पायरी आली की तो उचलावा लागतो आणि घाईत तिथंच ठेचकाळतो. म्हणून एकाच सरळ ओट्याच्या मधोमध पायरी मला पटत नाही. एल आकारात कोपऱ्यावर, किंवा दोन वेगळ्या भिंतींवर ओटे असतील तरच करावी, आणि बर्नरच्या कडेपासून पायरीपर्यंत निदान पंधरा इंच मोकळे ठेवावे.

पोळ्यांसाठी वेगळा, स्वस्त उपाय आहे. ओट्याखाली आधी चार इंचांचा चमचे-कालथ्यांचा ड्रॉवर, आणि त्याच्या लगेच खाली बाहेर ओढायची फळी. ती २८ इंचांवर येते, वर पोळपाट ठेवला की तीस, म्हणजे आजींना हवी तीच जागा. फळी १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायची, दोन्ही बाजूंनी मायका लावलेली, आणि ती ज्यावर सरकते तो चॅनेल उघडल्यावर लॉक होणारा. साधा टेलिस्कोपिक चॅनेल टाकला तर लाटताना फळी आत सरकते, आणि पुढच्या कडेवर भार पडून वर्षभरात तिचं तोंड खाली झुकतं. फळी दोन-तृतीयांशाहून जास्त बाहेर येऊ देऊ नये. हे सगळं नको असेल तर एकोणतीस इंच उंचीचं, खाली चार चाकं असलेलं छोटं टेबल करून घ्यावं, दोन चाकांना ब्रेक, आणि काम झालं की ओट्याखालच्या मोकळ्या खणात ढकलून द्यावं.

हा मोकळा खण म्हणजे मला अख्ख्या किचनमधली सगळ्यात शहाणी जागा वाटते, आणि नेमकी तीच कोणी सोडत नाही. "खाली काहीच नाही टाकायचं? जागा वाया जाते न." मिस्त्रीला जागा वाया जाणं सहन होत नाही. तरी चौतीसच्या ओट्याखाली तीस इंच रुंदीचा एक खण तळाशिवाय, पायांशिवाय, शटरशिवाय ठेवायचा. ग्रॅनाइटखाली लोखंडी चौकट द्यायची, म्हणजे मधल्या बॉक्सचा आधार नसला तरी दगड तडकणार नाही. वर दगड आणि पट्टी धरून आत सुमारे साडेबत्तीस इंच उंची मिळते. आज तिथं चाकांचं टेबल राहील. उद्या डिशवॉशर आला तर तो चोवीस इंच रुंद असतो, वरचं झाकण काढलं की ८१५ ते ८२० मिलिमीटरमध्ये मावतो, आणि बाजूला उरलेल्या सहा इंचांत बाटल्यांचा पुलआउट बसतो. आणि कधी कोणाला खुर्चीत किंवा चाकाच्या खुर्चीत बसून भाजी निवडायची, चिरायची वेळ आली, तर गुडघे आत जायला तीस इंच रुंदी आणि सत्तावीस इंच उंची लागते, ती तिथं आधीच आहे. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी कराव्या लागतात. एक, खणाखाली फरशी पूर्ण बसवून घेणं. बॉक्सखालची फरशी वाचवायची सवय असते आणि मग पुढं यंत्र खड्ड्यात उभं राहतं. दोन, शेजारच्या सिंकच्या बॉक्समध्ये पाण्याचा एक जादा कॉक, सांडपाण्याची तोटी आणि सोळा अँपिअरचा पॉइंट. पॉइंट खणाच्या मागं नको, शेजारच्या बॉक्समध्येच, म्हणजे यंत्र न हलवता बंद करता येतो.

साठवणीबाबत शोरूम आणि नागपूर यांची ओळखच नाही. कॅटलॉगमधल्या चित्रात पास्त्याच्या काचेच्या तीन बरण्या असतात. इथं उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरला जातो, तुरीची डाळ येते, भिवापुरी मिरचीचं तिखट कुटून डब्यात जातं, शिवाय कुरडया, पापड, सरगुंडे. पन्नास किलोची कोठी कुठल्याही बॉक्सच्या तळावर ठेवायची नाही. १८ ची प्लाय मधून झोळ खाते आणि शटरं तिरकी होतात. कोठी थेट फरशीवर, उंच कपाटाच्या बिनतळाच्या भागात, चाकांच्या स्टँडवर. तारेच्या ट्रॉल्या चार, सहा आणि आठ इंच उंचीच्या मिळतात. त्या वाट्या, ताटं, डबे यांना ठीक. पण दहा इंच उंच गंज, वडाभाताची पितळी पातेली, कणकेची मोठी परात यांचं काय? म्हणून घरातलं सगळ्यात मोठं भांडं फरशीवर मांडून आधी त्याचं माप घ्यायचं. निदान एका बॉक्समध्ये ड्रॉवर वर चार, मध्ये आठ आणि खाली जवळपास चौदा इंच असे ठेवले की मोठी भांडी आडवी न घालता बसतात. जड ते खाली, रोजचं ते गुडघा आणि खांदा यांच्या मध्ये.

वरच्या कपाटांबद्दल थोडक्यात. ओट्यापासून वीस इंचांवर, म्हणजे चोपन्नवर ती सुरू होतात. पाच फुटी बाईचा हात ओट्यावरून पुढं झुकून साडेपाच फुटांपर्यंत नीट पोचतो. म्हणजे तळ तिचा, पहिली फळी कशीबशी तिची, आणि त्यावरचं सगळं स्टुलाचं. तिथं दिवाळीचा साचा आणि चकलीचा सोऱ्या राहू द्या, साखर नको. खोली बारा-तेरा इंचच ठेवावी, जास्त केली की कपाळ शटरला लागतं.

आता ती गोष्ट, जी पाहुण्यांना कधीच दिसत नाही. बॉक्सच्या आतल्या बाजूंना, पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर, ५ मिलिमीटर व्यासाची भोकं, एकमेकांपासून ३२ मिलिमीटर अंतरावर, तळापासून माथ्यापर्यंत सलग. युरोपातल्या फर्निचर कारखान्यांनी रुळवलेली ही पद्धत. फळीच्या पिना, चॅनेल, हिंजची प्लेट, सगळं या भोकांच्या हिशेबानं बनतं. ओळ सलग असेल तर फळी वर-खाली होते, शटर काढून तिथंच ड्रॉवर बसतो, आजींचा खण सुनेच्या मापाचा होतो, आणि सुताराला निव्वळ स्क्रू ड्रायव्हर घेऊन बोलावलं तरी पुरतं. पण हातानं काम करणारा मिस्त्री फळीपुरती चार भोकं पाडतो आणि बाकी बाजू कोरी सोडतो. नंतर जुन्या मायक्यावर ड्रिल लावलं की कड फुटते. म्हणून कोटेशनमध्येच "सलग बोअरिंग" असं लिहून घ्यावं. जोडाचंही तेच. खिळे आणि फेव्हिकॉलनं ठोकलेला बॉक्स घर बदललं की फोडावाच लागतो. मिनिफिक्सचा, म्हणजे स्क्रूसारख्या फिरवून आवळायच्या जोडांचा, बॉक्स खोलून दुसऱ्या भिंतीला लावता येतो. बॉक्सच्या रुंद्याही दहा प्रकारच्या नकोत. ४५०, ६००, ९०० मिलिमीटर एवढ्यातच बसवलं तर उद्या अदलाबदल होते. कोपऱ्यात दोन इंचांची पट्टी सोडायला सांगा, नाहीतर एका बाजूचा ड्रॉवर दुसऱ्याच्या हँडलला अडतो आणि अर्धाच उघडतो. हा घोळ इतक्या घरांत दिसतो की ती डिझाइनची पद्धतच असावी असं वाटू लागतं.

सामानाच्या बाबतीत इथली हवा सोडत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि हाडं वाजतील इतका कोरडेपणा, जुलैत दमटपणा, आणि मधल्या काळात दिवसरात्र चालणारा कूलर. कूलरची ओली हवा घरातून कुठून तरी बाहेर पडायला हवी, आणि पुष्कळ फ्लॅटमध्ये तिची वाट स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाते. चार महिने ती हवा कपाटांवरून वाहते. शटरला बाहेरून एक मिलिमीटरचा मायका आणि आतून नुसतं पॉलिश, अशी काटकसर केली की दोन बाजू वेगवेगळ्या ओल्या-कोरड्या होतात आणि शटर पापडासारखं वळतं. आतूनही मायका हवाच. सात फुटी उभ्या शटरला एका पट्टीत न करता दोन तुकडे करावे. लकडगंजच्या लाकूडबाजारात प्लाय घेताना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघावा. या प्लायच्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून चिकटपणा तपासण्याची अट असते. सिंक आणि गॅसखाली तीच हवी. वरच्या कपाटांना तिची गरज नाही, तिथं पैसे वाचवा. खाली लाकडी पाटीवर बॉक्स बसवू नका. रोज फरशी पुसताना ती पाणी ओढते, आणि काळ्या मातीतली वाळवी वर चढते तीही तिथूनच. पीव्हीसीचे पाय आणि क्लिपनं निघणारी पट्टी, म्हणजे महिन्यातून एकदा आत बॅटरी मारून बघता येतं. त्या पट्टीला तीन इंच आत घ्यायला विसरू नका, पायाची बोटं तिथंच जातात.

पैसे कुठं कमी करायचे असं कोणी विचारलं तर मी चकाकणारं शटर कमी करायला सांगेन. अॅक्रिलिकऐवजी साधा मॅट मायका घ्या, त्याची एक शीट जादा घेऊन लॉफ्टवर टाका, कारण दोन-चार वर्षांत ती शेड बंद होते. वाचलेला पैसा चॅनेल आणि हिंजमध्ये घाला. नऊशे रुंदीच्या, भांड्यांनी भरलेल्या ड्रॉवरचं वजन सहज तीस किलोंवर जातं. आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये घरातले गंज, कढया, कुकर सगळे भरा. रिकामा ड्रॉवर सगळ्यांचाच छान चालतो. भरलेला पूर्ण ओढून पुढच्या कडेवर हलकेच हात दाबा. तोंड खाली गेलं किंवा मिटताना एका बाजूनं घासलं, तर तो चॅनेल मिस्त्री घरात असतानाच बदलून घ्या.